अडतीस किलोहर्ट्झ

परसोडीत, चौथ्या मजल्यावर, मेच्या दुपारी
मी समुद्राला नावं ठेवते.

म्हणजे खरोखरच ठेवते; पगार त्याचाच मिळतो.
रत्नागिरीच्या पुढे एक बोट पाण्यात आवाज सोडत जाते,
खालून जे परत येतं ते रात्रीतून माझ्या पडद्यावर उतरतं,
निळ्यावर हिरवं, हिरव्यावर लाल,
ओल्या भिंतीवर कुणी हात पुसून गेल्यासारखं.
त्या डागाभोवती मी माउसनं कुंपण घालते
आणि लिहिते: तारली.
पुढचा: बांगडा, शंका आहे.
पुढचा: तळाचा दगड, मासा नव्हे.

समुद्र मी पाहिलेला नाही.
इथं आवाज करणारं पाणी एकच,
खिडकीतल्या कूलरचं,
आणि तेही चार वाजता संपतं.
मग नौशीन पाइप घेऊन उठते.

शिकवलं ते एवढंच:
माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो.
आवाज मांसाला फारसा अडत नाही, त्या हवेला अडतो.
ऐकू येतो तो मासा नव्हेच,
त्याच्या आतली रिकामी जागा.
सुरमईला फुगा नाही.
एवढी देखणी, एवढी महाग,
आणि अडतीस किलोहर्ट्झला जवळजवळ मुकी.
दोनशेला थोडी कुजबुजते.

बाबा एकदा डबा द्यायला आले.
गुलाब दुधपचारे, ढिवर, कन्हानकाठचे.
खुर्चीच्या टोकावर बसले, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.
मला वाटलं, आता काहीतरी खोल बोलतील.
"हे तं वाघूर होय."
बाबा, समुद्रात वाघूर नसतो.
"काऊन नसन?"
खारं पाणी असतं.
"मंग पडीन."
पडीनही नसतो.
त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.
"मंग तू वयखतं कशी? तुनं त कधी हातात नाई धरली."

नौशीन हसली. मीही.
उत्तर सुचेना म्हणून
पाण्यातला आवाजाचा वेग सांगितला,
सेकंदाला दीड हजार मीटर.
"बाप्पा," ते म्हणाले, माझा मान राखल्यासारखे.

सांगायचं होतं ते वेगळंच.
लहानपणी अंधारात त्यांनी जाळ्याची दोरी
माझ्या मुठीत दिली होती एकदा:
मरळ धडक मारते, रोहू ओढत नेतो,
झिंगे म्हणजे दोरीला सुटलेली खाज.
मी तेव्हा तीनही चुकवले होते.

लिफ्टपाशी त्यांनी विचारलं,
"खाल्ली कोनं? ते लाल वाली?"
माहीत नाही. बोट फक्त मोजते.
"मोजून सोडून देते?"
हो.
यावर ते पहिल्यांदा खरोखर चकित झाले.

सोमवारी रत्नागिरीहून मेल आली.
डाग क्रमांक चारशे सात. तारली नव्हती.
जाळं टाकून पाहिलं, झार निघाली, सगळी झार.
झार म्हणजे काय, ते मला शोधावं लागलं.
जेलीफिश. हाड नाही, रक्त नाही, जवळजवळ पाणीच;
पाण्यानं पाण्यात दिलेली खोटी साक्ष.
मी खोडलं, दुरुस्त केलं,
दुपारभर प्रत्येक लाल डागाकडे
उधारी बुडवलेल्या गिऱ्हाइकासारखं पाहिलं.

रात्री लाइट गेली. आम्ही गच्चीवर आलो.
भिवापूरच्या मामाचं, पाण्याच्या टाकीचं, इकडचं तिकडचं
बोलून झालं, आणि चारशे सातचंही.
मग बराच वेळ काही नाही.
पलीकडच्या बाजेवर नुसता काळोख.
बाबा, मी हाक मारली.
उत्तराला उशीर झाला.
तेवढ्या उशिरात काय काय असू शकतं
ते मला पाठ आहे: खोली, दगड, रिकामं पाणी.
आणखी एकदा मारावी का, असं ठरवत होते,

तेवढ्यात बाज करकरली.
"झार म्हंतेत ना तिले?
खातेत का?"